घातक कचऱ्याचे वर्गीकरण टाकीपाशी व्हावे की फिल्टर प्रेसपाशी?

लोटेकर

औद्योगिक कचऱ्याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा विल्हेवाटीपासून सुरू होते. कचरा कोठे पाठवायचा, टनामागे किती पैसे पडतात, गाडी कधी येते, हेच प्रश्न पुढे येतात. त्याआधीचा प्रश्न, म्हणजे हा कचरा नेमका आहे तरी काय, हा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील एका क्रमांकाने सुटला असे मानले जाते. माझे म्हणणे असे आहे की वर्गीकरणाचे काम कचरा तयार होतो त्या टाकीपाशीच झाले पाहिजे. चार टाक्यांचे पाणी एकत्र होऊन त्याचा गाळ फिल्टर प्रेसमधून (गाळ दाबून त्यातील पाणी काढणाऱ्या यंत्रातून) बाहेर पडला की उशीर झालेला असतो, आणि त्यानंतरची प्रत्येक पायरी चुकीच्या माहितीवर उभी राहते.

कायद्याची चौकट थोडक्यात मांडतो. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली घातक कचऱ्याचे पहिले नियम १९८९ मध्ये आले. ते पुढे २००८ मध्ये नव्याने लिहिले गेले आणि सध्या ४ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेले नियम लागू आहेत. कचरा घातक आहे की नाही हे ठरवण्याचे दोन मुख्य मार्ग त्यांत आहेत. पहिल्या अनुसूचीत ३८ प्रकारच्या उत्पादनप्रक्रिया आणि त्यांतून निघणारे कचरे क्रमांकासह दिले आहेत, तर दुसऱ्या अनुसूचीत घटकांच्या मर्यादा आणि घातक गुणधर्म दिले आहेत. या दुसऱ्या अनुसूचीचा ‘अ’ वर्ग पाण्यात उतरणाऱ्या घटकांचा, ‘ब’ वर्ग एकूण प्रमाणाचा आणि ‘क’ वर्ग ज्वलनशीलता, क्षरणकारकता, अभिक्रियाशीलता, विषारीपणा अशा गुणधर्मांचा आहे. ज्या द्रवाचा ज्वलनबिंदू ६० अंश सेल्सिअसच्या खाली आहे तो ज्वलनशील, आणि ज्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) २ किंवा त्याहून कमी अथवा १२.५ किंवा त्याहून जास्त आहे तो क्षरणकारक धरला जातो.

प्रत्यक्षात काय होते ते प्लेटिंगच्या कारखान्यात स्पष्ट दिसते. भोसरी, चाकण, अंबड, वाळूज अशा वाहनउद्योगाच्या पट्ट्यांत असे छोटे कारखाने पुष्कळ आहेत. जस्ताचा मुलामा देणाऱ्या शेडमध्ये साधारणपणे तेलकट भाग धुण्याचे अल्कलीचे पाणी, गंज काढण्याचे आम्ल, मुलाम्याचा द्राव (काही ठिकाणी अजूनही सायनाइडचा) आणि शेवटी क्रोमियमचे पॅसिव्हेशन (मुलामा गंजू नये म्हणून दिलेला थर) असे चार वेगळ्या स्वभावाचे प्रवाह असतात. सायनाइडचे पाणी सामू १० च्या वर ठेवून सोडियम हायपोक्लोराइटने नष्ट करावे लागते. षट्संयुजी क्रोमियमला (क्रोमेटला) मात्र सामू २ ते ३ पर्यंत खाली आणून सोडियम मेटाबायसल्फाइटने त्रिसंयुजी रूपात आणावे लागते आणि मगच सामू ८ ते ९ वर नेऊन त्याचा गाळ पाडता येतो. क्रोमेट तसेच राहिले तर कितीही चुना टाकला तरी ते पाण्यातच राहते. एकाला अल्कली हवी, दुसऱ्याला आम्ल हवे. हे दोन प्रवाह एका खड्ड्यात सोडले तर दोन्ही प्रक्रिया अर्धवट राहतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे आम्लाच्या संपर्काने हायड्रोजन सायनाइड वायू सुटू शकतो आणि खड्ड्यावर काम करणाऱ्या माणसाचा त्यात जीव जाऊ शकतो.

अशा एकत्र पाण्याचा गाळ फिल्टर प्रेसमधून निघतो आणि त्याच्या पिशवीवर ३५.३ हा क्रमांक लागतो, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचा रासायनिक गाळ. क्रमांक खोटा नाही. परंतु रंगनिर्मितीच्या कारखान्याच्या गाळालाही तोच क्रमांक असतो, औषधनिर्मितीच्या गाळालाही तोच. या पिशवीत सायनाइड उरले आहे का, क्रोमियम कोणत्या रूपात आहे, तेल किती आहे, यांपैकी काहीही त्या क्रमांकावरून कळत नाही. पहिल्या अनुसूचीत धातूंच्या पृष्ठभागावरील प्रक्रियांसाठी १२ हा स्वतंत्र गट आहे. त्यात आम्ल व अल्कलीचे अवशेष, वापरून झालेली आम्ले, सायनाइड व विषारी धातू असलेले द्राव, फॉस्फेटचा गाळ, मुलाम्याच्या धातूचा गाळ अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत. नियम लिहिणाऱ्यांनी ही विभागणी विचारपूर्वक केली असून आपण ती शेवटच्या खड्ड्यात पुसून टाकतो.

प्रयोगशाळेत, वाहतुकीत आणि विल्हेवाट केंद्रांवर काम करणाऱ्या सदस्यांनी आपापल्या बाजूने या चर्चेत भर घालावी, अशी विनंती आहे.

रसायनवेध

नमुन्यांच्या तपासणीचे काम करत असल्याने आपल्या मांडणीला पूर्ण दुजोरा देतो आणि प्रयोगशाळेची बाजू जरा विस्ताराने सांगतो, कारण ‘टीसीएलपीचा अहवाल चांगला आला’ एवढ्या वाक्यावर फार मोठे निर्णय घेतले जातात.

टीसीएलपी म्हणजे कचऱ्यातून किती घटक द्रावात उतरतात हे पाहणारी, ‘अ’ वर्गासाठी वापरली जाणारी चाचणी; ती मूळ अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची आहे. कचऱ्याच्या वजनाच्या २० पट ॲसिटिक आम्लाचा द्राव घेऊन तो मिश्रणासह मिनिटाला ३० फेऱ्यांच्या गतीने सुमारे १८ तास फिरवतात, मग गाळून त्या द्रावातील धातू मोजतात. शिसे, आर्सेनिक आणि क्रोमियम यांची मर्यादा प्रत्येकी ५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, कॅडमियमची १ आणि पाऱ्याची ०.२ आहे. या २० पटींमधून एक उपयुक्त हिशेब निघतो. कोरड्या कचऱ्यात एकूण शिसेच किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर ते सगळेच्या सगळे द्रावात उतरले तरी ५ ची मर्यादा ओलांडली जाऊ शकत नाही. म्हणून आधी एकूण प्रमाण तपासावे आणि गरज असेल तरच पुढची चाचणी करावी. त्याने लहान उद्योजकाचे पैसेही वाचतात.

या चाचणीची मर्यादाही लक्षात घ्यावी. कचरा शहरी कचऱ्याच्या भरावात पडला आणि तेथील सेंद्रिय आम्ले त्यावरून वाहिली तर काय होईल, याचे अनुकरण करण्यासाठी ती रचलेली आहे. चुन्याने भरपूर अल्कधर्मी केलेला गाळ चाचणीचे आम्ल शोषून घेतो आणि अहवाल समाधानकारक दिसतो. तोच गाळ उघड्यावर अनेक पावसाळे खात राहिला तर त्याची अल्कता हळूहळू संपते आणि धातू सुटू लागतात. क्रोमेटचे तर अल्कधर्मी पाण्यातही सहज विद्रावण होते, त्यामुळे षट्संयुजी क्रोमियमची तपासणी स्वतंत्रपणे करायलाच हवी.

सर्वांत दुबळा दुवा नमुन्याचा आहे. कारखान्यातून बहुतेक वेळा एका पिशवीच्या वरच्या थरातील मूठभर गाळ बरणीत भरून येतो. वास्तविक वेगवेगळ्या दिवशी भरलेल्या पिशव्यांच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांतून गाळ घेऊन तो एकजीव करायचा असतो, आणि टाकीतील द्राव नुकताच बदलला असेल तर तशी नोंद बरणीवर हवी. प्रयोगशाळा बरणीत जे आले त्याचेच उत्तर देऊ शकते, आणि अहवालावर तसे लिहिलेलेही असते.

भोसरीतील एक उद्योजक

तुम्हां दोघांचे प्रतिसाद वाचले. तांत्रिक मुद्द्यांशी माझा वाद नाही, परंतु आमच्यासारख्यांची अडचण या धाग्यावर नोंदवली गेली पाहिजे. माझ्याकडे महिन्याला गाळाच्या थोड्याच पिशव्या भरतात. विल्हेवाट केंद्राची गाडी तेवढ्यासाठी येत नाही आणि आली तर भाडे कचऱ्याच्या शुल्काहून जास्त होते. कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, हाही नियम आहे. आता प्रत्येक प्रवाहाचा गाळ वेगळा ठेवायचा म्हटले तर पिशव्या त्याच राहतील पण ढीग चार होतील, आणि प्रत्येक ढिगासाठी वेगळी तपासणी, वेगळी नोंद, वेगळी गाडी लागेल. ज्याचा सगळा धंदा मोठ्या कंपनीच्या जॉबवर्कवर चालतो आणि ज्याला नगामागे मिळणारा दर वर्षानुवर्षे वाढलेला नाही, त्याने हा खर्च कोठून काढावा?

लोटेकर

आपली अडचण खरी आहे आणि ती नियमांनाही काही अंशी मान्य आहे. वर्षाला १० टनांपर्यंत घातक कचरा निर्माण करणाऱ्या लहान उद्योगांना राज्य मंडळ साठवणुकीची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. ही मुदत आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, आणि बरेच उद्योजक तो करतच नाहीत. शेजारच्या कारखान्यांनी मिळून केंद्राशी एकच दिवस ठरवून घेतला तर गाडीभाड्याचा भार वाटला जातो. मात्र प्रत्येकाच्या पिशव्या, प्रत्येकाची मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीची नोंदपावती) आणि प्रत्येकाची जबाबदारी वेगळीच राहते.

वेगळे ठेवण्याचा अर्थ चार ढीग असा घेऊ नये. सायनाइड आणि क्रोमियम या दोन प्रवाहांची आपापली प्रक्रिया स्वतंत्र टाकीत पूर्ण झाली, तर त्यानंतर ते एकत्र करून एकच गाळ पाडायला रासायनिक अडचण नसते. वेगळेपणाची गरज प्रक्रियेआधी असते. गाळ एकच निघेल, परंतु त्यात काय नाही हे आपल्याला खात्रीने सांगता येईल.

नियम ४ मध्ये जो क्रम दिला आहे त्यात प्रतिबंध पहिला, मग प्रमाण कमी करणे, मग पुनर्वापर, पुनर्चक्रण, पुनर्प्राप्ती व सहप्रक्रिया (उदा. सिमेंटच्या भट्टीत जाळणे), आणि सुरक्षित विल्हेवाट अगदी शेवटी आहे. आपल्या शेडमध्ये या पहिल्या दोन पायऱ्यांना सर्वाधिक वाव आहे. जिगवर (भाग टांगण्याच्या चौकटीवर) लावलेले काम द्रावातून उचलल्यावर काही सेकंद टाकीवरच निथळू द्यावे. मुलाम्यानंतर लगेच एक स्थिर पाण्याची टाकी ठेवून तिच्यातले पाणी पुन्हा मुख्य टाकीत भरण्यासाठी वापरावे. धुण्याच्या टाक्या अशा जोडाव्यात की ताजे पाणी शेवटच्या टाकीत शिरून कामाच्या उलट दिशेने पहिलीकडे येईल. या तीन गोष्टींनी वाया जाणारा धातू, पाणी, चुना आणि पर्यायाने गाळ एकदमच कमी होतात. षट्संयुजीऐवजी त्रिसंयुजी क्रोमियमचे पॅसिव्हेशन आता सहज उपलब्ध आहे आणि वाहन कंपन्या ते मागतातही.

जॉबवर्कच्या दराविषयी आपण जे लिहिले त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. कचऱ्याचा खर्च दरात न धरणारी मोठी कंपनी तो खर्च लहान कारखान्यावर आणि शेवटी नाल्यावर ढकलत असते. याची चौकशी पुरवठादाराच्या तपासणीतच व्हायला हवी.

कायदा आणि पाणी

जबाबदारी कोठवर पोहोचते, याविषयी दोन न्यायालयीन व प्रत्यक्ष उदाहरणे देतो.

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८० च्या दशकाच्या अखेरीस रंगांसाठी लागणाऱ्या एच-आम्लाचे उत्पादन झाले. सुमारे ३७५ टन मालामागे सुमारे २,४४० टन गाळ निघाला. तो लपवण्यासाठी आसपास पसरून त्यावर माती टाकण्यात आली आणि पुढे परिसरातील विहिरींचे पाणी काळपट तांबडे झाले. कारखाना थोडाच काळ चालला होता. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ च्या निकालात ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व या प्रकरणी लागू केले. पुढे ठरलेली ३७ कोटींहून अधिक रक्कम कंपन्यांनी भरली नाही आणि २०११ मध्ये न्यायालयाने ती चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला. मालाच्या साडेसहा पट गाळ निघणार हे उत्पादन सुरू करण्याआधीच रासायनिक समीकरणावरून कळण्यासारखे होते.

दुसरे उदाहरण वाहतुकीचे. सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे टँकरमधून नाल्यात रसायन ओतले गेले आणि सुटलेल्या वायूने शेजारच्या गिरणीतले सहा कामगार दगावले. आपल्याकडे २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीत अशाच प्रकारे रसायन सोडले गेल्यावर शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले होते.

हे रोखण्यासाठीच मॅनिफेस्टच्या सात रंगीत प्रती आहेत. पांढरी प्रत कारखाना मंडळाकडे पाठवतो, पिवळी स्वतःजवळ ठेवतो, उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. गुलाबी प्रत केंद्राकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी केंद्राकडून मंडळाकडे जाते आणि निळी कारखान्याकडे परत येते. परराज्यातील कचरा असेल तर करडी प्रत त्या राज्याच्या मंडळाला जाते. या सर्वांत कारखानदारासाठी निळी प्रत सर्वांत मोलाची आहे, कारण माल पोहोचल्याचा तोच पुरावा आहे. पोहोच आली नाही तर लगेच चौकशी करून मंडळाला लेखी कळवावे. दरवर्षी ३० जूनपूर्वी भरायच्या वार्षिक विवरणात पाठवलेला आणि पोहोचलेला कचरा जुळतो की नाही हे तेव्हाच प्रथम पाहू नये.

बुटीबोरीकर

मी अनेक वर्षे विल्हेवाट केंद्रांच्या कामाशी संबंधित होतो. महाराष्ट्रात तळोजे, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी सामाईक केंद्रे आहेत. गाडी फाटकाशी आली की तिच्यातील नमुन्याची झटपट तपासणी होते: रंग, वास, सामू, ज्वलनबिंदू, मोकळे पाणी, सायनाइड व सल्फाइड. आधी दिलेल्या सविस्तर अहवालाशी हे जुळले तरच माल आत घेतला जातो. धागालेखकांचा मुद्दा येथेच पटतो, कारण नोंद एक आणि पिशवीत माल दुसरा अशी गाडी परत पाठवावी लागते, आणि परत पाठवलेली गाडी कोठे रिकामी होईल याची चिंता आम्हांला रात्रभर असे.

आत घेतलेल्या धातूंच्या गाळात सिमेंट, चुना किंवा फ्लाय ॲश मिसळून त्याचे स्थिरीकरण करतात आणि नंतर तो लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा कायमचा पुरण्याच्या बांधीव खड्ड्यात जातो. त्या खड्ड्याच्या तळाशी दाबलेल्या चिकणमातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीई प्लास्टिकची चादर, पाझर गोळा करणारे नळ, आणि पावसाच्या प्रदेशात हे सर्व दुहेरी असते. खड्डा बंद झाल्यावरही ३० वर्षे देखरेख करावी लागते. सेंद्रिय द्रावक, डांबरी अवशेष असे उष्मांक असलेले पदार्थ लँडफिलमध्ये घालणे ही निव्वळ नासाडी आहे. त्यांची जागा इन्सिनरेटरमध्ये किंवा सिमेंटच्या भट्टीत आहे. क्लिंकर (दळल्यावर ज्याचे सिमेंट होते ते खडे) १,४५० अंशांना तयार होते आणि भट्टीतील ज्वाळा त्याहूनही तप्त असते, त्यामुळे सेंद्रिय रेणू पुरते मोडतात आणि राखही क्लिंकरमध्ये सामावते.

इन्सिनरेटरमध्ये मात्र जाळल्याने कचरा नाहीसा होत नाही. भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन कचरा दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेऊन पुढच्या काही महिन्यांत जाळला गेला. कचऱ्यात मिसळायला व धूर शुद्ध करायला चुना वापरावा लागल्याने उरलेले अवशेष मूळ कचऱ्याहून वजनाने जास्त भरले, आणि त्यांनाही शेवटी सुरक्षित लँडफिल लागतोच.

रसायनवेध

बुटीबोरीकरांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. क्रोमियमचा गाळ वीटभट्टीत किंवा बॉयलरमध्ये ‘संपवण्याचा’ सल्ला कोणी दिला तर तो कधीही मानू नये. क्रोमाइट खनिज सोडा व चुन्यासह हवेत सुमारे १,००० अंशांवर भाजले की क्रोमेट तयार होते. तीच क्रोमेट उद्योगाची मूळ उत्पादनपद्धती आहे. म्हणजे आपण मेटाबायसल्फाइट खर्चून जे त्रिसंयुजी केले ते चुन्याच्या गाळासह भाजून पुन्हा षट्संयुजी, विद्राव्य आणि कर्करोगकारक होऊ शकते. तामिळनाडूतील राणीपेट येथे बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याच्या आवारात दीड लाख टनांहून अधिक क्रोमियमयुक्त कचरा मागे राहिला आणि भूजल पिवळे झाले, हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

मुक्त वाचक

मी या क्षेत्रातला नाही, औद्योगिक वसाहतीजवळ राहतो. आमच्या भागात निळे प्लास्टिकचे ड्रम पाणी साठवण्यासाठी सर्रास विकले जातात. या रिकाम्या ड्रमांचा या नियमांशी काही संबंध आहे का?

लोटेकर

अगदी थेट संबंध आहे आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार. घातक रसायनांनी दूषित झालेले रिकामे ड्रम, कॅन आणि अस्तराच्या पिशव्या पहिल्या अनुसूचीत ३३.१ या क्रमांकाने घातक कचरा म्हणून नोंदलेल्या आहेत. ते फक्त अधिकृत रासायनिक धुलाई व पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच देता येतात, भंगारवाल्याला नाही. घरी धुऊन वास गेला म्हणजे रसायन गेले असे नसते, कारण अनेक सेंद्रिय पदार्थ प्लास्टिकच्या आतच मुरतात आणि पुढे पाण्यात उतरत राहतात. आतील माल कोणता होता हे माहीत नसलेला ड्रम पिण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या पाण्यासाठी वापरू नये. कारखान्यांनी पुन्हा वापरायचे नसलेले ड्रम बाहेर देण्यापूर्वी भोके पाडून किंवा कापून निकामी करावेत, म्हणजे ते पाण्यासाठी विकले जाण्याची वाटच बंद होईल.

भोसरीतील एक उद्योजक

निथळण्याच्या आणि स्थिर टाकीच्या सूचना लगेच अमलात आणण्यासारख्या आहेत. एकच शंका उरते. माझी शेड जुनी आहे आणि जमिनीखालचे गटार एकच आहे. प्रवाह वेगळे करायचे तर फरशी फोडावी लागेल का?

लोटेकर

फरशी फोडण्याची गरज नाही. सायनाइड आणि क्रोमियमच्या धुण्याच्या टाक्यांची गटारात उघडणारी तोंडे कायमची बंद करावीत, आणि त्यांचे पाणी लहान पंपाने भिंतीवरून नेलेल्या दोन वेगळ्या पाइपांतून दोन वेगळ्या टाक्यांत न्यावे. पाइपांना वेगळे रंग द्यावेत आणि प्रक्रियेच्या टाक्या एकमेकींपासून दूर, आपापल्या वेगळ्या बांधाच्या आत ठेवाव्यात, म्हणजे एक फुटली तरी तिचे पाणी दुसऱ्या टाकीच्या बांधात उतरणार नाही. जुने गटार फक्त आम्ल-अल्कलीच्या धुण्यासाठी राहू द्यावे.

पिशवीवरचे लेबल नमुना ८ प्रमाणे चमकदार पिवळ्या पार्श्वभूमीचे असावे. त्यावरील सूचना हिंदी व इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही लिहिण्याची तरतूद आहे, म्हणून ती मराठीत लिहून घ्यावी. त्याखाली गाळ पाडल्याची तारीख, त्या तुकडीची सायनाइड व क्रोमियमची अखेरची तपासणी आणि ती करणाऱ्या कामगाराची सही असावी. ही तपासणी रंग बदलणाऱ्या साध्या चाचणीसंचाने टाकीवरच करता येते, आणि तिचा निकाल आल्याशिवाय फिल्टर प्रेसचा पंप सुरू करू नये.